असईची लढाई, १५ मिलिमीटर: माळ्यावरून उतरवलेल्या फौजेच्या नोंदी

२०२० च्या टाळेबंदीत मी दोन छंद मोठ्या दणक्यात सुरू केले. त्यातली गिटार विकून टाकली. दुसरा छंद पाच वर्षं माळ्यावर बुटांच्या खोक्यांत पडून होता: २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई, १५ मिलिमीटर उंचीच्या धातूच्या माणसांत, टेबलावर फासे टाकून खेळता येईल अशी. यंदा २८ सप्टेंबरचा रविवार ठाण्याच्या मित्राला देऊन बसलो. वेलस्ली, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा सेनापती, तो; शिंद्यांचे कंपू, म्हणजे त्यांच्या कवायती पलटणी, मी. कुणाला तारीख दिल्याशिवाय माझ्या हातून काही पुरं होत नाही.

ज्यांच्या माळ्यावर असलीच खोकी आहेत त्यांच्यासाठी या नोंदी. चेहरा कसा रंगवावा हे सांगणारे पुष्कळ आहेत. मी कुठे कुठे आपटलो तेवढं लिहितो.

१ जून २०२५, रविवार

खोकी उतरवली. सात निघाली. एकात झुरळाची अंडी, बाकी ठीक. सगळी माणसं जेवणाच्या टेबलावर ओतून मोजली, कारण आजवर "बरीच आहेत" एवढ्यावरच भागवत आलो होतो. एकूण ५६१. पुरी रंगवून बेसवर (पायाखालच्या पट्टीवर) चिकटवलेली ७८. प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मारून सोडून दिलेली ३६. रंगवून बिघडवलेली ४८. बाकीची पाकिटांत, आली तशी.

मोजताना एक गोष्ट टोचली. पुरी झालेली ७८ च्या ७८ कंपनीची. ७४ वी आणि ७८ वी हायलँडर पलटण, मद्रासच्या दोन, आणि १९ व्या लाइट ड्रॅगून्सचे सहा स्वार. शिंद्यांच्या बाजूचा एक माणूस पुरा नाही. गोलंदाजांचं पाकीट तर फोडलेलंसुद्धा नव्हतं. गोऱ्या पलटणींचे तपशील बटणापर्यंत छापलेले मिळतात, म्हणून हात आधी तिकडे जातो, एवढंच कारण. पण शंभराच्या आसपास तोफांनी वेलस्लीची तिसऱ्या हिश्श्याइतकी माणसं ठार-जखमी केली ती लढाई, आणि माझ्याकडे तोफेपाशी उभा राहायला कोणी नाही.

वेळ: चार तास. दोन मोजण्यात, दोन "हे सगळं कधी घेतलंस?" याचं उत्तर देण्यात.

७ जून, शनिवार

कात्री लावली. सोळा आठवड्यांत ५६१ होणार नाहीत.

हिशेब असा. एक पलटण म्हणजे ४० × ३० मिमीचे तीन बेस, प्रत्येकावर दोन रांगांत सहा माणसं, म्हणजे १८. कंपनीच्या सात तुकड्या (७४ वी, ७८ वी, मद्रासच्या चार, आणि पहाऱ्यावरच्या शिपायांची मिळून एक): १२६. कंपूंच्या दहा पलटणी: १८०. घोडेस्वार कंपनीचे २४, मराठ्यांचे ३६. तोफा बारा, प्रत्येकीला तीन गोलंदाज: ३६. बेरीज ४०२. त्यातले ७८ झालेले. उरले ३२४, म्हणजे आठवड्याला वीस.

मराठ्यांचे घोडेस्वार प्रत्यक्षात तीस-चाळीस हजारांच्या घरात होते आणि मी ३६ वर भागवतोय. पण त्या दिवशी त्यांनी फारसं काही केलं नाही. सांगायला बरं वाटत नाही, पण टेबलावर जागा वाचते.

उरलेली १५९ माणसं एका खोक्यात भरली, वर "लासवारी" (त्याच युद्धातली नंतरची लढाई) लिहिलं आणि खोकं परत माळ्यावर टाकलं. हसा हवं तर. पण ती डोळ्यांआड गेल्याशिवाय कामाला हात लागला नसता.

८ जून, रविवार

बिघडवलेली ४८. ही २०२० ची. तेव्हा प्रायमर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. धातूवर थेट बाटलीतला घट्ट रंग, एकावर एक पाच थर. नाक-डोळे बुजून गेलेले. दिवाळीच्या किल्ल्यावर बसवतो ते मातीचे मावळे यांच्यापेक्षा देखणे.

रंग काढायला डेटॉल. ॲक्रिलिकवर चालतं, धातूला काही होत नाही. जॅमच्या बरणीत पाणी न घालता निव्वळ डेटॉल ओतून माणसं काल रात्रीच बुडवली होती. आज सकाळी रंग सालीसारखा सुटलेला. इथवर उत्तम.

मग बारा माणसं उचलली आणि नळाखाली धरली. हे करू नका. डेटॉलला पाणी लागताच ते दुधासारखं फुटतं हे आंघोळीच्या बादलीत लहानपणापासून बघत आलोय, पण डोक्यात आलं नाही. सुटलेला रंग पाण्याने जागच्या जागी चिवट डिंक झाला. टूथब्रशला, बोटांना, सिंकला, सगळीकडे. एका माणसामागे वीस मिनिटं टाचणीने खरवडत बसलो आणि दोघांच्या संगिनी मोडल्या.

बरोबर पद्धत दुसऱ्या खेपेला सापडली: टूथब्रश डेटॉलमध्येच बुडवून माणूस कोरड्या हाताने घासायचा, लागलं तर पुन्हा डेटॉलमध्ये बुडवायचा. धातू लख्ख दिसला की मग भांड्यांचा साबण आणि पाणी. हातमोजे घाला, मी घातले नव्हते. उरलेली ३६ माणसं दीड तासात साफ.

आई दाराशी येऊन हुंगून गेली. "कोणाचं बाळंतपण आहे का रे घरात?"

खर्च: डेटॉलच्या दोन बाटल्या, ४८०. दुसरी बाटली निव्वळ नळामुळे लागली.

१५ जून, रविवार

आज फक्त पूर्वतयारी. साच्याच्या कडा कानसणे, वाकलेल्या संगिनी सरळ करणे. आइसक्रीमच्या काडीवर सहा माणसं फेविकॉलच्या थेंबाने उभी केली, म्हणजे रंगवताना काडी धरता येते. आधी दुहेरी टेप लावून पाहिली होती. दमट हवेत ती रात्रीतून सुटते, आणि सकाळी अख्खी रांग आडवी.

एक गोष्ट कबूल करायची तर, पाच वर्षांपूर्वी मी हे उघड्या डोळ्यांनी करत होतो. आता चाळिशी लागलीय आणि १५ मिमीच्या माणसाचा पट्टा दिसतच नाही. डोक्याला बांधायचं भिंग घेतलं, ६५०. सबंध प्रकल्पातला सगळ्यात वसूल झालेला पैसा हाच.

२२ जून, रविवार

प्रायमर. आतापर्यंत काळा वापरायचो, आणि काळ्यावर लाल कोट धरत नाही. तीन हात मारूनही खालून काळपट दिसतो. गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याकडे खिडकीच्या ग्रिलला मारतात तो रेड ऑक्साइड स्प्रेच्या डब्यात मिळाला, ३२० ला एक. त्यावर लाल एका हातात बसतो, आणि घड्यांत राहिलेला ऑक्साइड आपोआप सावली होतो. चामड्याचे पट्टे, लाकडी दस्ते, हातापायांची त्वचा, सगळ्यालाच खालचा तांबूसपणा मानवतो. पांढऱ्या विजारीला तेवढे दोन हात लागतात. हे मला पाच वर्षांपूर्वी कळलं असतं तर बरं झालं असतं.

फवारणी गच्चीवर केली, जिन्याच्या दाराच्या आडोशाला, पाऊस थांबलेल्या तासाभरात. जमली. या यशानेच पुढे घात केला.

२९ जून, रविवार

पहिल्या तीन पलटणी. ५४. उरले २७०.

एकेक माणूस पुरा करायचा नाही. ५४ जणांचे कोट, मग ५४ विजारी, मग ५४ फेटे. कंटाळवाणं आहे यात वाद नाही. पण तीन आठवड्यांत पहिल्यांदा आकडा हलला. बटणं रंगवायची नाहीत असं ठरवलं. डोळे तर मुळीच नाहीत. खेळताना माणूस तीन फुटांवरून दिसतो. तिथून डोळे दिसतात ते फक्त चुकले तर.

६ जुलै, आषाढी एकादशी

घरात साबुदाणा, टेबलावर बर्न्ट अंबर. आणखी ३६ रंगवून झाले, उरले २३४. आता सगळ्यांवर पातळ तपकिरी रंगाचा हात द्यायचा, म्हणजे तो खाचांत उतरतो आणि घड्या उठून दिसतात. रंगात पाणी, आणि ताण मोडायला भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. मी बाटली दाबली आणि चांगला चमचाभर पडला. "बघू तरी" म्हणून तसाच वापरला. फेस झाला, बुडबुडे चेहऱ्यांवर बसले आणि तसेच वाळले. अठरा जणांच्या तोंडावर तपकिरी गोल चकत्या, देवी आल्यासारख्या.

ओल्या कापसाने निम्मे पुसले गेले, बाकीच्यांचे चेहरे पुन्हा. अडीच तास गेले. साबण काडीच्या टोकाने घ्या, बाटलीने नाही.

१३ जुलै, रविवार

आजची नोंद लांबणार.

पहिल्या ५४ वर मॅट वॉर्निश. स्प्रे, ७५० चा, या यादीतला सगळ्यात महागडा डबा. दिवसभर पावसाची रिपरिप. रेड ऑक्साइड जमला होता म्हणून मी पुन्हा जिन्याच्या आडोशाला गेलो. लांबून दोन हलके हात मारले, खोकं झाकलं, खाली येऊन चहा घेतला. अर्ध्या तासाने झाकण काढलं तर ५४ च्या ५४ धुक्यात उभे. लाल कोट गुलाबी, निळे फेटे राखाडी, सगळ्यांवर पिठी साखर भुरभुरवल्यासारखा थर. आधी वाटलं ओलं असेल, वाळलं की जाईल. वाळल्यावर आणखी पांढरं झालं.

असं होतं की स्प्रेतला द्रावक झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, आणि हवेत ओल असली की ती वॉर्निश वाळायच्या आतच त्यावर बसते. प्रायमरच्या दिवशी पाऊस थांबला होता. आज हवा पिळून काढता आली असती.

रात्री अकरापर्यंत उपाय केले. एकावर वॉर्निशचाच दुसरा हात: जास्त पांढरं. एकावर केस वाळवायचा ड्रायर: काही फरक नाही, फक्त संगीन गरम. एकावर खोबरेल तेलाचा पुसट हात, कारण धुकं म्हणजे बारीक खडबडीतपणा आणि तेल तो भरून काढील असा अंदाज. अंदाज खरा ठरला, माणूस लख्ख झाला. मी खूश होऊन झोपलो.

१६ जुलै, बुधवार

तेलकट माणसावर तीन दिवसांची धूळ आणि मांजराचा एक केस. तेल बाद.

१९ जुलै, शनिवार

सुटला प्रश्न. ब्रशने लावायचं पाण्यातलं ग्लॉस वॉर्निश आणलं. त्याचा एक हात बसताच धुकं नाहीसं झालं, रंग होते तसे परत. अर्थात माणसं आता काचेच्या बांगडीसारखी चमकायला लागली. ते पुरतं वाळू दिलं आणि त्यावर ब्रशनेच मॅट. ५४ जणांना दोनदा हात, सहा तास. पण वाचले. आधी मी परत डेटॉलची बाटली काढायच्या बेतात होतो.

स्प्रेचा डबा कपाटात ठेवलाय, वर चिठ्ठी चिकटवून: दिवाळीनंतर.

खर्च: ग्लॉस आणि मॅट मिळून ४२०. वाया: ७५०.

२७ जुलै, रविवार

ऑफिसात ऑडिट. काही नाही.

३ ऑगस्ट, रविवार

आणखी ३६ होऊन उरले १९८. कंपूंच्या सात पलटणी झाल्या म्हणून हौसेने कंपनीच्या झालेल्या पलटणींसमोर मांडून पाहिल्या, आणि डोक्याला हात लावला. कोण कोणाचं ते ओळखूच येईना. मद्रासचे शिपाई लाल कोटात, मी रंगवलेले तेलंगे, म्हणजे कंपूंचे शिपाई, लाल कोटात. दोन्हीकडे पांढऱ्या विजारी, दोन्हीकडे आडवे पट्टे. कवायती पलटणी उभ्या केल्या त्याच कंपनीच्या नमुन्यावर, तेव्हा हे साम्य खोटं नाही. पण खेळताना प्रत्येक वेळी माणूस उचलून टोपी बघायची म्हणजे पोरखेळ.

पुन्हा रंगवायला वेळ नाही. बेसच्या कडा रंगवल्या: कंपनीच्या काळ्या, शिंद्यांच्या गेरू. शिवाय प्रत्येक पलटणीच्या मधल्या बेसवर मोठं निशाण. निशाणं घरच्या इंकजेटवर छापली तर फेविकॉल लागताच शाई पसरली. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून लेझरवर छापून आणली, ६० रुपयांत सगळी. दोनच संध्याकाळचं काम, आणि रांग एकदम जिवंत झाली. हे शेवटी करायचं असतं असं वाटायचं. आधी केलं असतं तर मधल्या महिन्यात एवढा कंटाळा आला नसता.

१० ऑगस्ट, रविवार

२०२० पासून प्रायमरवर थांबलेल्या मद्रासच्या दोन पलटणी संपल्या. उरले १६२. यावर लिहिण्यासारखं काही नाही, आणि ही चांगली गोष्ट आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

पंधरा ऑगस्टच्या सुट्टीला जोडून तीन दिवस, आणि तीनही गोलंदाजांना दिले. पाकीट पाच वर्षांनी फोडलं. उरले १२६.

यांच्यावर मी मुद्दाम जास्त वेळ घातला. बटणांबद्दलचा नियम मोडला म्हणा. पितळी तोफेवर आधी तपकिरी, मग सोनेरी जवळजवळ कोरड्या ब्रशने घासून, म्हणजे फक्त उंचवट्यावर लागतो. गाड्यांची चाकं एकसारखी लाकडी न ठेवता दोन-तीन छटांत. एका गोलंदाजाच्या हातात पलिता आहे, १५ मिमीत जेमतेम केसाएवढी तार. तिच्या टोकाला नारिंगी ठिपका द्यायला चार वेळा श्वास रोखला. पाचव्यांदा बसला.

असईच्या वर्णनात एक प्रसंग आहे, त्यासाठी हा सगळा खटाटोप. कंपनीची पायदळं तोफांच्या ओळीवरून पुढे निघून गेली. तोफांपाशी पडलेले गोलंदाज मेलेत असं त्यांना वाटलं. त्यातले काही उठले, तोफा फिरवल्या आणि पुढे गेलेल्यांच्या पाठीत मारा सुरू केला. ७८ व्या पलटणीला मागे वळून त्या तोफा पुन्हा घ्याव्या लागल्या.

हे टेबलावर दाखवायचं तर प्रत्येक तोफेमागे दोन बेस हवेत, एक उभ्यांचा, एक पडलेल्यांचा. पडलेली माणसं विकत घ्यायची नव्हती. पाय तुटलेली नऊ माझ्याकडे आधीच होती, लासवारीच्या खोक्यातून तीन उसनी घेतली. एका तोफेला एक पडलेला पुरतो. मुलगी अकरा वर्षांची आहे, तिने ती बारा रंगवली. तिला म्हटलं, कपडे मळके कर. तिने विचारलं, "बाबा, हे खरंच मेलेत की नाटक करतायत?" दोन्ही आहेत, म्हटलं. "मग चार जणांचे डोळे उघडे ठेवते."

३१ ऑगस्ट, रविवार

गणपती. टेबल पाहुण्यांचं. काम शून्य, आणि त्याची खंतही नाही.

७ सप्टेंबर, रविवार

काल अनंत चतुर्दशी झाली, आज पुन्हा सुरुवात. पहाऱ्यावरची तुकडी संपली, उरले १०८. पण दिवस खाल्ला तो असई गावाने.

घरं आणि गावाभोवतीची मातीची भिंत फ्रिजच्या खोक्यातल्या थर्माकोलची कापली. उत्तम कापली गेली. मग घाईत त्यावर तोच रेड ऑक्साइड फवारला. डोळ्यांदेखत गाव विरघळलं. द्रावक थर्माकोल खातो हे मला पुरतं माहीत होतं, दुसऱ्या कोणालाही मीच सांगितलं असतं. एक भिंत आणि दोन घरं गेली.

राहिलेल्यांवर दिवाळीच्या किल्ल्याची माती चहाच्या गाळणीने गाळून, फेविकॉल आणि पाण्यात कालवून बोटाने लिंपली. वाळल्यावर बारीक भेगा पडल्या, ज्या मला ब्रशने कधीच जमल्या नसत्या. रंग द्यावा लागला नाही. मातीची भिंत म्हणून मातीच. थर्माकोलला आधी असा थर द्या, मग वर काय हवं ते मारा.

१४ सप्टेंबर, रविवार

कंपूच्या दोन पलटणी, उरले ७२. मंगळवार आणि गुरुवार रजा टाकली होती. घरी कारण सांगितलं, ऑफिसात सांगितलं नाही.

आता बेस. पातळ फेविकॉल लावून त्यावर वाळू टाकतात. वाळूऐवजी रांगोळी घेतली, कारण दाणा बारीक आणि ४० रुपयांत दोन किलो. अक्कलहुशारीने चॉकलेटी रंगाची घेतली, म्हणजे रंगवायला नको. रांगोळीचा रंग कच्चा असतो. फेविकॉलच्या पाण्यात तो सुटला आणि केशिकांतून चढावा तसा माणसांच्या विजारीत चढला. नऊ बेस, ५४ माणसं, गुडघ्यापर्यंत किरमिजी. चिखलातून आल्यासारखी दिसतात असं स्वतःला दहा मिनिटं समजावलं. मग पांढरा रंग काढला.

बाकीच्यांना पांढरी रांगोळी, ती वाळल्यावर वरून मातकट हात. आणखी ४०.

२१ सप्टेंबर, रविवार

शेवटची कंपू पलटण आणि मद्रासचे अठरा स्वार झाले. उरले ३६, सगळे मराठे घोडेस्वार.

प्लायवूडचे ३ × ४ फुटांचे दोन तुकडे (११००) जेवणाच्या टेबलावर जोडून सगळं मांडून पाहिलं. उत्तरेला जुई, दक्षिणेला केळणा, दोन्ही सनबोर्डच्या पट्ट्यांच्या. पूर्वेला त्या एकमेकींजवळ येतात. वेलस्लीच्या वाटाड्यांनी सांगितलं होतं की नदीला उतार, म्हणजे चालत ओलांडता येईल अशी जागा, नाही. पण समोरासमोरच्या काठांवर पिंपळगाव आणि वरूड अशी दोन गावं दिसली, आणि दोन गावांमध्ये येण्याजाण्याची वाट नसेल असं कसं होईल, असा त्याने अंदाज बांधला. तो उतार ओलांडून तो शिंद्यांच्या बाजूला निघाला. तेव्हा शिंद्यांच्या कंपूंचा सेनापती पोलमन याने सबंध रांग काटकोनात फिरवून दोन नद्यांमध्ये उभी केली.

मी फिरवली तर ती मावेना. दोन नद्यांमध्ये मैलभर जागा. माझ्या मापात ती सव्वा मीटरच्या आत, आणि टेबल चार फूट. त्यातून नद्यांच्या पट्ट्या वजा जाता एक मीटर. दहा पलटणींना १२० मिमीप्रमाणे १२०० हवेत. हे मी ७ जूनला, माणसं मोजताना, कागदावर दोन मिनिटांत करू शकलो असतो.

तोडगा: दोन पलटणी असई गावात घातल्या, तिथे पायदळ आणि तोफा होत्याच. आठ रांगेत, ९६० मिमी. तोफा पलटणींच्या मध्ये न लावता पुढे.

रात्री एकट्याने चाचणी खेळलो. गोलंदाज उठायचा नियम असा केला होता: तोफांवरून शत्रू गेला की पडलेल्यांचा बेस ठेवायचा, डावाच्या शेवटी फासा टाकायचा, चार किंवा वर पडलं की उठले. सगळेच उठले. ७८ वी पलटण तिसऱ्या डावात संपली. बदल: पाच किंवा सहालाच उठतील, आणि तेही शत्रू सहा इंच पुढे निघून गेला असेल तरच.

२८ सप्टेंबर, रविवार

खेळ झाला. काल रात्री दीडपर्यंत अठरा स्वार संपवले. उरलेले अठरा नुसत्या ऑक्साइडमध्ये, पार मागे, जुईच्या काठाला उभे केले.

अडचण निराळीच आली. मित्र इतिहास वाचून आला होता. ७४ वी पलटण आणि पहाऱ्यावरची तुकडी उजवीकडे भरकटत असईच्या तोफांच्या तोंडी गेली आणि तिथे कापली गेली, हे त्याला पाठ. तो गावाच्या वाऱ्यालाही आला नाही. सगळं पायदळ केळणेच्या कडेने दाटीवाटीने पुढे आणलं. गावात बसवलेल्या माझ्या दोन पलटणी आणि तीन तोफा चार तास आ वासून बसल्या.

रांग फिरवताना प्रत्येक पलटणीला फासा होता. तीन अडकल्या आणि मधोमध भगदाड पडलं. तोफांनी मात्र काम केलं. दुसऱ्या डावात त्याच्या दोन्ही तोफा बंद पडल्या, बैल आणि गोलंदाज गेल्यामुळे. मग तो तोफांशिवायच चालून आला, असईला आले तसाच. माझी पुढची ओळ त्याने तुडवली. मी पडलेल्यांचे बेस मांडले. मुलगी शेजारी खुर्चीवर उभी, फासा तिच्या हातात. दोन, एक, तीन, सहा. "उठले! डोळे उघडे होते तेच!" त्या एका तोफेने ७८ वीच्या पाठीत एक डाव मारा केला, आणि तिला वळावं लागलं. पुढच्या डावात आणखी एक उठली.

तरी हरलो. बारापैकी आठ तोफा त्याच्याकडे. पण त्याच्या सातपैकी तीन तुकड्या उरल्या नाहीत, आणि चहा पिताना तो त्या एका सहाबद्दलच बोलत होता.

पुढच्या वेळी नियम: पहाऱ्यावरच्या तुकडीने कुठे जायचं ते तो ठरवणार नाही, फासा ठरवणार.

नुकसान: एक निशाण, पलित्याची तार.

५ ऑक्टोबर, रविवार

हिशेब, ज्यांना लागेल त्यांच्यासाठी. डेटॉल ४८०, रेड ऑक्साइडचे दोन डबे ६४०, रंग ६१०, ब्रश ३९०, भिंग ६५०, ट्रॉफीवाल्याकडून लेझरने कापलेले एमडीएफचे शंभर बेस ४००, स्प्रे वॉर्निश ७५०, ब्रशचं वॉर्निश ४२०, प्लाय ११००, रांगोळी ८०, निशाणं ६०. एकूण ५,५८०. माणसं २०२० मध्येच घेतलेली, ती यात नाहीत आणि तो आकडा मी घरात काढत नाही.

वेळ ११८ तास, त्यातले ३१ केलेलं परत करण्यात. सगळ्यात मोठा खड्डा वॉर्निश, मग डेटॉल, मग रांगोळी.

झालेली ३८४. राहिलेले अठरा स्वार, आणि तोफांचे आठ बैल, जे मी ४०२ मध्ये धरायलाच विसरलो होतो. खेळात त्यांच्या जागी आठ राजमे ठेवले होते. काल बैल काड्यांवर चिकटवले. पाऊस अजून गेलेला नाही, त्यामुळे प्रायमर ब्रशने. मातीचं पोतं मुलीने किल्ल्यासाठी परत मागितलंय, आणि पडलेल्यांपैकी डोळे उघडे असलेले चारही.